डाव्या मडगार्डावरचं माकड

आमच्या घरात संशय आईकडून आला. कुठल्या घरात टक्कल येतं, कुठल्या घरात दमा येतो, तसा. दूधवाल्याच्या मापात बोट बुडवून बघणारी ती, आणि सोनाराने बांगडी पॉलिश करून दिली की दारात उजेडाला धरून बघणारी मी. त्यामुळे बाबांची जुनी कॉन्टेसा गाडी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हायवेलगतच्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये टाकली, तेव्हा फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं चुंबक मी आधी पर्समध्ये घातलं.

शाळेतल्या एका सरांनी सावध केलं होतं. पत्रा ठोकून सरळ करायला मेहनत लागते, म्हणून हे लोक खड्ड्यात पुट्टी थापतात आणि वरून रंग मारतात. सहा महिन्यांत पोपडे. पुट्टीवर चुंबक धरत नाही, लोखंडावर धरतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण विज्ञान इतकं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

गाडी मुळात आमची नव्हतीच. राइस मिलच्या शेठची होती आणि बाबा शेठचे ड्रायव्हर. काळीभोर, लांबलचक बोनेटची. धानाच्या ट्रकांच्या गर्दीत शिरली तरी लोक बाजू द्यायचे. लहानपणी मला ती पुसायची परवानगी होती, आत बसायची नव्हती. पुढे शेठच्या मुलांनी नव्या गाड्या घेतल्या. ही मिलच्या मागे, कोंड्याच्या ढिगाशेजारी गंजत राहिली. मिल विकली तेव्हा मुलांनी बाबांना सांगितलं, घेऊन जा. तेव्हापासून ती आमच्या अंगणात ताडपत्रीखाली. बाबा विकत नव्हते आणि दुरुस्तही करत नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तर रोज संध्याकाळी ताडपत्री उचलून आत जाऊन बसायचे, स्टिअरिंगवर हात ठेवून. आल्यागेल्याला एकच वाक्य ऐकवायचे, "या गाडीले माह्या हातानं कधी खरोच नाई लागली."

मी खर्च करते म्हटल्यावर त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "रंग मार. पत्रा नको खोदू."

"काहून?"

"जुना पत्रा हाय. खोदला का मंग अंगावर येते."

माझ्या मनात पाल चुकचुकली. पण बाप म्हाताराय, वस्तूत जीव अडकलाय, म्हणून मी तिला गप्प केलं आणि सगळा संशय त्या शेडवाल्या डेंटरवर ठेवला.

आता परातीचं सांगितलं पाहिजे. ती आमच्या घरात नव्हती, तरी तिचं नाव निघाल्याशिवाय घरात दिवस जात नव्हता. आईच्या मामाने तिला लग्नात दिलेली पितळी परात. अस्सल भंडाऱ्याची, दोन माणसांचं पीठ एका कोपऱ्यात पडेल एवढी मोठी, काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेली. मी अगदी लहान असताना ती गेली. त्या दिवसांत माझी आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, माहेरपणाला आली होती. आई तलावावर धुणं घेऊन गेलेली. ती परतली तेव्हा आत्या घरात नव्हती आणि परातही नव्हती. शेजारणीने डोळ्यांनी पाहिलं होतं, आत्या पदराखाली परात झाकून झपाझप जात होती. नंतर कळलं की ती तशीच एकोडीला सासरी निघून गेली.

आईने निरोप धाडला, परात घेऊन ये, मगच पायरी चढ. आत्या आली नाही. मी चोरी केली नाही, असंही तिने कधी सांगून पाठवलं नाही. आईला हाच सगळ्यात मोठा पुरावा वाटे. माझ्या लग्नात आत्या मांडवात उभी राहिली, अक्षता टाकल्या आणि घरात पाऊल न ठेवता गेली. बाबा वर्षातून एकदा एकटेच एकोडीला जाऊन यायचे आणि आले की दोन-तीन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. आई स्वयंपाकघरातून ऐकवायची, "खाई त्याले खवखवे." बाबा ते बहिणीबद्दल आहे असं समजून ऐकून घेत, असं मला तेव्हा वाटायचं.

तर शहापूर. डेंटर पन्नाशीचा, कानावर खडू, बोलण्यात साखर. साखर असली की मी जास्त सावध होते. शाळा सुटली की मी शेडवर हजर. एकदा गेले तर आमच्या गाडीच्या चाकांच्या चकचकीत टोप्या दुसऱ्याच एका गाडीला लावलेल्या.

"पाहून राहिलो होतो मॅडम, बसते का नाई ते."

"बसल्या ना? मग आता काढा."

त्याने काढल्या. माझ्या संशयाला दुसऱ्या दिवसापासून पगारवाढ मिळाली. मी दारांवर चुंबक लावून बघायचे, डिकीवर लावायचे, तो हातोडी थांबवून कौतुकाने बघत राहायचा. "आंबा पिकला का मॅडम?" असं विचारायचा. मला हसू यायचं, पण मी हसत नव्हते. अशा माणसापुढे एकदा हसलं की संपलं.

रंग खरवडून झाला त्या दिवशी गाडी ओळखू येत नव्हती. ठिकठिकाणी गंज, बाकी करडा पत्रा. मी बोनेटपासून सुरुवात केली. आंबा चिकटला. उजवं मडगार्ड, चिकटला. डावं मडगार्ड, चाकाच्या वरची कमान. आंबा टपकन खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला.

"झालं! भरलीत ना पुट्टी?"

"मॅडम, पुट्टीचा डब्बा आजून उघडला नाई मी."

"मग चुंबक का धरत नाही?"

तो उकिडवा बसला, नखाने खरवडलं, मग पॉलिश पेपरने घासलं. जुन्या पुट्टीचा पातळ थर भुगा होऊन पडला आणि आतून पिवळं चमकलं. तो माझ्याकडे बघू लागला. "पितळ हाय हे. गाडीले पितळ कोन लावते बाप्पा?" भोवतीचा पत्रा गंजून खाल्ला गेला होता, पण ते पितळ काल लावल्यासारखं होतं. कडेने रिव्हेट मारलेले. त्याने अजून घासलं, मान वाकडी केली आणि म्हणाला, "मॅडम, यावर माकड लिवलं हाय."

माझं डोकं फिरलं. रोज चुंबक घेऊन येणाऱ्या बाईची ही थट्टा, दुसरं काय! "हे तुम्ही लिहिलंत?"

"मी कायले लिवू? अन् माह्यं अक्षर इतकं चांगलं अस्तं तं मी पेंटर झालो नस्तो का?"

मी खाली वाकले. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. मा, क, ड. खरंच माकड. मी त्याच्या हातातला पेपर घेतला आणि स्वतः घासायला लागले. ड च्या खाली उकार निघाला. पुढे न निघाला. त्यापुढे "आहेर". आणि पहिल्या मा च्या डावीकडे पितळ सरळ कापलेलं होतं, आणखी एक मा गिळून.

मामाकडून आहेर.

ती परात मला आठवत नव्हती, पण तिच्या काठावर काय लिहिलंय ते मला पाठ होतं. आईने हजारदा सांगितलेलं. मी तिथेच टायरवर बसले. माझा सगळा संशय ज्या माणसावर होता तो समोर पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता, आणि घरी अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या माझ्या बापाने सांगितलं होतं, पत्रा नको खोदू.

डेंटरने छिन्नीने तो तुकडा काढला. वळलेला काठ चाकाच्या कमानीवर अगदी बेतल्यासारखा बसवलेला होता. "हे मी ठेऊ का?" त्याने विचारलं. मी तुकडा हिसकावून पर्समध्ये टाकला. साखर ती साखरच.

बाबा अंगणात, गाडीच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसले होते. मी तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बघितलं नाही, अंगठ्याने अक्षरं चाचपली.

"सांगतलं होतं ना तुले, खोदू नको म्हनून."

"बाबा, हे काय हाय?"

मग त्यांनी सांगितलं. शेठ रेल्वेने नागपूरला गेले होते. गाडी दिवसभर मोकळी. आत्याला सासरी टोमणे बसत, भाऊ मोटार चालवते म्हन्ते, आमी तं कधी मोटार पाह्यली नाई. बाबांना वाटलं, आज हिला कॉन्टेसातून एकोडीत उतरवावं. शेठला न विचारता. वाटेत समोरून धानाची बैलगाडी आली, बाबांनी बाजू दिली आणि डावं मडगार्ड पुलाच्या दगडावर फाटलं. ओळखीच्या गॅरेजात न्यावं तर संध्याकाळच्या आत शेठच्या कानावर. म्हणून उलटे फिरून परत भंडाऱ्यात, एका पितळेची भांडी घडवणाऱ्या दोस्ताकडे. तो म्हणाला, "लोखंडाचा पत्रा माह्यापाशी नाई. मोठी परात आन. काठाची गोलाई चाकावर आयती बसते."

"गाडी सोडून मले जाता येत नोव्हतं," बाबा म्हणाले. "तिले घरी धाडलं, परात आनाले."

"अन् मंग ते एकोडीले कशी गेली?"

"एसटीनं."

"आईले सांगतलं काहून नाई?"

"तुही आई शेठाच्या घरी तांदूळ निवडायले जाये. तिच्या पोटात गोष्ट राह्यली असती? नौकरी गेली असती."

"अन् शेठ गेल्यावर?"

त्यांनी खुर्ची गाडीच्या रिकाम्या जागेकडे आणखी वळवली. मला त्यांचा भयंकर राग आला. एका मडगार्डासाठी सख्खी बहीण चोर ठरली, आणि हा माणूस आल्यागेल्याला खरोच नाही म्हणून सांगत राहिला! मी म्हटलं, "बाबा, आत्याले निदान एवढं तं सांगू द्याचं होतं, का परात तुमी मागतली."

"मी कधी नको म्हटलं नाई तिले," ते म्हणाले. "तिनंच नाई सांगतलं."

आमच्या आईला दाराआडून ऐकायची सवय आहे. ती बाहेर आली तेव्हा मी सरसावून उभी राहिले, आता घर डोक्यावर घेणार म्हणून. तिने तुकडा उचलला, चष्मा पुसला, अक्षरं वाचली.

"बाकीची परात कुठी हाय?"

"मोडीत गेली," बाबा म्हणाले. "त्याच्या मजुरीत."

"पक्कं?"

"पक्कं."

ती खाली बसली. तुकडा उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाली, "गाडी झाली का एकोडीले जाऊ. तवरी माह्याशी बोलू नका." आणि बाबांशी ती खरंच बोलली नाही.

डेंटरने काम मात्र चोख केलं. नवा लोखंडी पत्रा कापला, ठोकला, जोडला. मी आंबा सगळीकडे फिरवला, कुठे पडला नाही. टोप्याही चारही होत्या, मी मोजल्या. काळ्या रंगात स्वतःचं तोंड दिसेल अशी गाडी झाली.

एकोडीला मी चालवत गेले. बाबा शेजारी, आई मागे, मांडीवर जुन्या लुगड्यात बांधलेला तुकडा. आत्या अंगणात धान वाळवत होती. गाडी थांबली तशी ती उठली, पण आमच्याकडे आली नाही. आधी डाव्या बाजूला गेली, वाकली, मडगार्डावर हात फिरवला. मग तिने बाबांकडे पाहिलं. बाबा उतरलेच नव्हते.

आई उतरली. लुगडं सोडून तिने तुकडा आत्याच्या हातात ठेवला. तोंडातून शब्द काढायला आईला इतके कष्ट पडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "बाई, मी तुले चोर म्हटलं."

"मी नेली होती ना परात, वयनी," आत्या म्हणाली. "तू खोटं नोव्हती बोलत."

"मंग बोलली काहून नाई?"

"काय बोलू? भावाची नौकरी होती. अन् नौकरी गेली असती तं तू काय खाल्लं अस्तं?"

आई रडायला लागली. आत्याने तिला रडू दिलं, आत जाऊन पाणी आणलं. मग आई म्हणाली, घरी चल, आजच चल, पायरी चढायची आहे तुला. आत्या नाही म्हणाली नाही. तिने पिशवी भरली, सुनेला धान गोळा करायला सांगितलं. मी गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

"त्याच्यात नाई बसत मी," आत्या म्हणाली. "एकडाव बसली, बस झालं. त्या दिवशी एसटीनं आली, आजबी एसटीनंच येईन."

मी बाबांकडे पाहिलं. ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. आईने क्षणभर विचार केला, गाडीतली आपली पिशवी ओढून घेतली आणि आत्यामागोमाग स्टॉपवर जाऊन उभी राहिली.

साकोलीवरून भंडाऱ्याला जाणारी एसटी आली. दोघी चढल्या, खिडकीशी बसल्या. मी गाडी मागे घेतली, वळवली आणि एसटीच्या मागे लागले. मागची आख्खी सीट रिकामी. रस्ता मोकळा होता, इंजिन छान ओढत होतं. मी इंडिकेटर दिला.

बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "राहू दे," ते म्हणाले. "समोर नको काढू. मांगंच राह्य."