ड्रायरचा पाइप आणि शेट्ये यांचा ‘फास्ट’ मीटर

“काका, मीटर फास्ट आहे. कमिटीत ठरलंय. बदलून मागायचा अर्ज टाकतोय उद्या,” शेट्ये म्हणाले.

“कमिटीने मीटर तपासला?” मी विचारले.

“तपासायचं काय त्यात? बिल बघा ना नितीनचं!”

शेट्ये हे आमच्या नेरूळच्या सोसायटीचे सेक्रेटरी. माझे अर्धे आयुष्य वीज वितरणाच्या मीटर-चाचणी विभागात गेले, आणि आजही मी तळोज्यातल्या कारखान्यांची एनर्जी ऑडिट करतो. म्हणजे वीज कुठे कामाला येते आणि कुठे वाया जाते, हे मोजून दाखवतो. बहुमताने मीटर फास्ट ठरवल्याचे मी तोवर ऐकले नव्हते. हा प्रसंग सोसायटीत आजकाल तीन-चार प्रकारे सांगितला जातो. ते सर्व प्रकार चुकीचे आहेत.

बिल आमच्या शेजारच्या नितीनचे. त्याचे वडील, आप्पा, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. चादरी दिवसातून दोनदा, कधी तीनदा बदलाव्या लागत. जुलैच्या हवेत त्या वाळेनात, म्हणून नितीनच्या बायकोने, वैशालीने, हट्टाने ड्रायर घेतला. पुढचे बिल दुपटीच्या वर गेले. नितीनने मशिनला गिऱ्हाईक शोधले. रविवारी टेम्पो येणार होता.

“विकू दे ना मग,” असे मीही म्हटले असते. पण मी बिल पाहून निघालो, तेव्हा वैशाली दारापर्यंत पोचवायला आली आणि हळूच म्हणाली, “काका, बिलावरून घरात बोलणं झालं, ते आप्पांनी ऐकलंय. आता चादर ओली झाली तरी सांगत नाहीत. परवा हात लावून बघितलं, तर म्हणाले, ‘राहू दे गं, सुकेल अंगावरच.’ पाठीला जखम व्हायला लागलीय त्यांच्या.”

मी त्याच संध्याकाळी कामाला लागलो.

प्रथम मीटर. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. या हिशेबाने पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड वीस मिनिटांत अर्धे युनिट खाणार. घरातले बाकी सर्व बंद करून, फ्रिजसुद्धा, मी रॉड बादलीत सोडला आणि शेट्ये यांना खाली मीटर रूममध्ये सोबत नेले. मीटरवरचा लाल दिवा ठरावीक विजेमागे एकदा लुकलुकतो. ती उघडझाप मोजली. अर्धे युनिट. फरक केसाएवढा.

“रॉडच खराब असेल,” शेट्ये म्हणाले.

“मग त्याच्याविरुद्धही अर्ज टाका,” मी म्हणालो.

मीटर निर्दोष सुटल्यावर नितीन म्हणाला, “म्हणजे ड्रायरच खातोय. मी आधीपासून तेच सांगत होतो.”

“किती खातो ते कळले. का खातो ते सांग.”

तो आम्हा दोघांना मशिनकडे घेऊन गेला.

मशिन ड्राय बाल्कनीत होते. स्वयंपाकघराला लागून धुण्याभांड्यांसाठी असते, ती ही चिंचोळी बाल्कनी. कबुतरांच्या भीतीने आमच्या इमारतीत सर्वांनी तिला काचेच्या सरकत्या खिडक्या लावून घेतल्या आहेत आणि त्या कोणी उघडत नाही. मशिन सुरू होते. आत पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरली. काचांवरून पाण्याचे ओघळ वाहत होते.

“हे बघा लीकेज!” शेट्ये विजयाने म्हणाले. “पावसाचं पाणी आत येतंय. वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो मी.”

मी काचेवरून बोट फिरवले. ओघळ पुसला गेला. पाणी आतल्या बाजूला होते. “शेट्ये, हे पावसाचे नव्हे. हे आप्पांच्या चादरीतले पाणी आहे.”

मशिनमागे वाकून पाहिले. हाताएवढा जाड, पन्हाळीदार पाइप वेटोळे करून तिथेच जमिनीवर सोडलेला होता.

“हा असा कोणी ठेवला?”

“फिटिंगवाल्यानं,” वैशाली म्हणाली. “भिंतीला होल पाडायला सोसायटी देत नाही म्हणाला. मग तसाच टाकून गेला.”

“बरोबरच आहे. बिल्डिंगचं एलेव्हेशन खराब होतं, बाहेरून दिसतं ना,” शेट्ये म्हणाले.

येथे थोडे समजावून सांगणे भाग आहे. ड्रायर आजूबाजूची हवा ओढतो, तापवतो आणि ओल्या कपड्यांतून फिरवतो. ती हवा कपड्यांतले पाणी घेते आणि पाइपातून बाहेर पडते. पाइपाचे तोंड बंद बाल्कनीतच असेल, तर मशिन आपलीच वाफ पुन्हा पोटात घेते. चादरीतले पाणी हवेत, हवेतले परत मशिनमध्ये. आत ओल जाणणारा सेन्सर असतो. त्याला कपडे वाळल्याचे कळतच नाही, आणि हीटर जळत राहतो. तळोज्याच्या एका कारखान्यात पावडर सुकवणाऱ्या यंत्राचे धुराडे पक्ष्यांच्या घरट्याने बुजले होते, तेव्हा हाच रोग मी पाहिला होता.

नितीनला ते पटेना. “पण काका, बाहेर धो धो पाऊस. तिथली हवा घेतली तर अजून दमट नाही का होणार?”

“तू इंजिनिअर ना?”

“आयटी, काका.”

“तरीच. अरे, पावसाळी हवासुद्धा तापवली की तहानलेली होते. एकदा पाणी प्यालेली हवा पुन्हा पाणी पीत नाही. रविवारपर्यंत थांब.”

शनिवारी शिरवण्याच्या काचवाल्याकडून मी खिडकीच्या मापाची अॅक्रिलिकची पट्टी कापून आणली. तिला वर गोल भोक, त्यात पाइप घट्ट बसवला, आणि पट्टी सरकत्या खिडकीच्या खाचेत उभी केली. भिंतीला टाचणीही टोचली नाही. ताजी हवा आत यावी म्हणून स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवले.

“एनओसी घेतली?” शेट्ये.

“भिंतीला भोक पाडू नये, असा तुमचा नियम आहे. भिंत दाखवा, भोक दाखवा.”

रविवारी सकाळी त्याच चादरी दोनदा ओल्या केल्या. पिळल्यानंतर दोन्ही वेळा वजन करून पाणी सारखे असल्याची खात्री केली. प्रथम पाइप आत ठेवून, जुन्या पद्धतीने. चादरी हाताला कोरड्या लागेपर्यंत नितीनची दोनदा कॉफी झाली आणि एकदा चिडचिड. मग पाइप बाहेर.

दुसरी फेरी चालू असतानाच त्याचा फोन वाजला. “हां भाऊ, खाली आलात? दोन मिनिटं.” त्याने मशिनकडे पाहिले. वैशाली हात बांधून दारात उभी होती. 

मशिनने शीळ घातली आणि आपले आपण बंद पडले. या घरात ते प्रथमच स्वतःहून थांबले होते. नितीनने चादर बाहेर काढली, गालाला लावली, मग मीटर रूममध्ये जाऊन आला. पहिल्या फेरीच्या निम्म्याहूनही कमी युनिटे पडली होती.

“सॉरी भाऊ,” तो फोनवर म्हणाला, “मशिन नाही द्यायचं. हो, टेम्पोचं भाडं मी देतो.”

वैशाली ती गरम चादर घेऊन थेट आप्पांच्या खोलीत गेली. आतून आप्पांचा आवाज आला, “उशीचा अभ्राही बदल गं. तोही ओला आहे.” पंधरवड्यात त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट होती, असे वैशालीने नंतर सांगितले. पुढे पाठीची जखम भरली.

आता शेट्ये सर्वसाधारण सभेत सांगतात की, कमिटीने लीकेजचा प्रश्न मार्गी लावला. वॉटरप्रूफिंगवाला अजून आलेला नाही. गळती मात्र थांबली आहे. नितीन ग्रुपवर लिहितो की, त्याने ‘सेटिंग’ बदलले. सेटिंगचे बटण त्या दिवशी कोणी पाहिलेसुद्धा नाही. तळमजल्यावरचे एक गृहस्थ तर शपथेवर सांगतात की, मीटर बदलला. तो मीटर आजही जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्याने रॉड घेऊन यावे, बादली मी देईन.

यंत्र घेताना ते किती वीज आत घेते, हे सगळे विचारतात. बाहेर काय टाकते आणि कुठे टाकते, हे विचारले असते, तर आमच्या कमिटीची एक सभा वाचली असती.