खाडीतली अष्टभुजा

मी भीतीच्या गोष्टी लिहिते. त्यातही साधी भुतंखेतं नाहीत; वळवळणारे, बुळबुळीत, नको तितक्या हातांचे प्राणी. डोंबिवलीत हे कुणाला सांगितलं की लोक विचारतात, "बरं, आणि नोकरी कुठे?"

या प्राण्यांची खरी अडचण मराठी आहे. टेंटॅकलला, म्हणजे ऑक्टोपसच्या त्या लवचिक हाताला, शब्दकोश 'संस्पर्शक' म्हणतो. अंधारातून एखादा संस्पर्शक पुढे आला, तर माणूस कुठल्या खात्याचे साहेब आले समजून उठून उभा राहील. म्हणून मी सरळ 'भुजा' लिहिलं. कोपरीच्या खाडीतून आठ भुजांची ती वर येते, काठावर एकट्या बसलेल्या म्हाताऱ्याला विळखा घालते आणि पाण्यात ओढून नेते. भुजांवर ओळीने चूषक, म्हणजे कातडीला चिकटून शोषणारी तोंडं. म्हातारा चांगला दीड पान किंचाळतो.

एका मासिकाने ती दिवाळी अंकासाठी घेतली. त्यांचे मुद्रितशोधक भाविक निघाले. 'आठ भुजांची ती' त्यांच्या हातून 'अष्टभुजा' झाली. 'चूषक' त्यांना अशुद्ध वाटला, त्याचा 'चषक' केला. त्यामुळे माझी राक्षसीण आठही हातांत चषक घेऊन उभी, शाळेच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखी. किंचाळ्या कापून तिथे मिठाईची जाहिरात घातली. चित्रात झेंडूच्या माळा. सोसायटीतल्या काकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, "सुधारलीस गं!"

मी संपादकांशी फोनवर यथेच्छ भांडले. ते बिचारे लगेच नरमले. "मॅडम, मूळ गोष्ट पुढच्या अंकात जशीच्या तशी छापतो. वर दिलगिरीपण टाकतो." हा विजय सांगायला मी नौपाड्याला आईकडे गेले.

आईने माझं काही वाचलेलं नव्हतं. "तुझं ते लिबलिबीत वाङ्मय तुलाच लखलाभ," असं तिचं मत. शिवाय बाबा गेल्यापासून ती पेपरही धड वाचत नव्हती. बाबा संध्याकाळी खाडीवर फिरायला गेले आणि तिथल्या बाकावर बसल्या बसल्याच गेले. 'एकटेच गेले गं' एवढं एक वाक्य तिने वर्षभर धरून ठेवलं होतं. जेवताना मध्येच म्हणायची आणि ताट सारायची.

तो दिवाळी अंक तिच्या देव्हाऱ्यात होता. हळदकुंकू वाहिलेला.

मला हसू आवरेना. ती काय वाचून बसलीये हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "तो म्हातारा म्हणजे हेच ना?"

खरं सांगते, लिहिताना हे माझ्या मनातही आलं नव्हतं. निदान मला तसं वाटलेलं.

"म्हणजे शेवटी जवळ कुणीतरी होतं," आई म्हणाली. "तिने कवेत घेतलं." मग बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. "त्यांना दुखलं नसेल ना गं?"

मूळ गोष्टीत तो दीड पान किंचाळतो.

"नाही गं आई," मी म्हटलं. "अजिबात नाही."

तिने डोळे पुसले आणि जेवतेस का म्हणून विचारलं. दोघींची पानं घ्यायला ती आत गेली, तेवढ्यात मी गॅलरीत जाऊन संपादकांना फोन लावला आणि मूळ गोष्ट छापू नका म्हणून त्यांच्या हातापाया पडले.