दोन्ही कागदांवर सुटलेली ओळ

प्रणाली. आधी तिचं नाव लिहून ठेवते. पुढचं लिहायला हात पुढे जाईल की मध्येच थांबेल, माझा मला भरवसा नाही. निदान नाव तरी कागदावर आलेलं असू दे. नागपुरात मला मदत करणारे बरेच भेटले—घर मिळवून देणारे, डॉक्टरकडे घेऊन जाणारे. पण मला चिनी वाचायला शिकवलं ते हिनं. आणि हिच्याशी मी जे केलं, ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. आता सांगतेय ते धीर आला म्हणून नाही. लपवून ठेवायचाही शीण होतो हो माणसाला.

मी चंदगडकडची, कोल्हापूरच्या अगदी खालच्या अंगाची. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणायची सवय झालीय—खरं तर मीच सोडली. फळ्याकडे बघायलाच नको वाटायचं. पुढे लग्न झालं. नवरा वेल्डर. कोराडीच्या पलीकडे एका खाजगी वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा त्याच्यामागून मी इकडे आले. तिथं चिनी इंजिनिअर होते, त्यांच्या मेसमध्ये मला स्वयंपाकाला घेतलं. आधी मीठ, तेल, पुरे, अजून वाढ—एवढंच कळायचं. मग त्यांचे वाद कळायला लागले, मग घरच्यांशी चाललेले फोन. काही वर्षांत मी त्यांच्याशी भाजीच्या भावावरून चिनीत भांडत होते. कानानं आलेली भाषा. डोळ्यांचा तिच्याशी काही संबंधच नव्हता.

काम संपलं, ते लोक गेले. मेसमधल्या कुणीतरी सांगितलं, शहरात एका कॉलेजात चिनी शिकवतात, तिथल्या सरांना भेट, तुझ्या बोलण्याचं काहीतरी होईल. गेले. सरांनी चिनीत चार गोष्टी विचारल्या, मी उत्तरं दिली. ते खुर्चीत मागे रेलले आणि हसायलाच लागले. म्हणाले, "बाई, तुम्हाला खालच्या वर्गात बसवलं तर पोट्टे घाबरून पळतील." आणि मला थेट वरच्या वर्गात घातलं. माझ्याकडे शाळेचा धड दाखला नव्हता, म्हणून त्यांनी वरपर्यंत शब्द टाकला.

वाचता येतं का, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. न विचारलेल्याचं उत्तर न देणं—याला खोटं म्हणायचं का? तेव्हा मी नाही म्हणाले असते.

तो वर्ग वाचनाचाच होता. बोलण्याचं सगळं खालच्या वर्गांत आटोपलेलं. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते—चिनी छापताना दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. सगळं सलग. त्यामुळे सरांची रीत अशी होती की कागद हातात आला की आधी पेन्सिल घ्यायची आणि जिथं एक शब्द संपून दुसरा सुरू होतो तिथं तिरकी रेघ मारत जायचं. शब्दकोश बंद. अक्षरांवर उच्चार लिहायला बंदी. मोठ्यानं वाचायला तर सक्त मनाई. "कोंबडी जशी सांध्यावर तोडतात तशी ओळ तोडा," सर म्हणायचे. सगळे माझ्याकडे बघून हसायचे, कारण कोंबडी तोडण्यात माझा हात धरणारं तिथं कोणी नव्हतं. मीही हसायचे. मला सांधा दिसतच नव्हता.

पहिल्याच आठवड्यात शेजारी बसणारी मुलगी माझ्याकडे झुकली. हळूच म्हणाली, "ताई, सगळे दुसऱ्या पानावर आले. तुम्ही पह्यल्यावरच काहून बसून राहिले?"

ती प्रणाली. कुहीकडच्या एका खेड्यातली, धानाची शेती असलेल्या घरातली. घरचे म्हणत होते पोलीस भरतीची तयारी कर. ही भांडून चिनी शिकायला आलेली. वरच्या वर्गाचं हे एक वर्ष घरच्यांकडून मागून घेतलं होतं तिनं. त्या वर्षात यातून काही झालं तर ठीक, नाहीतर परत. भाऊ फोनवर टोमणे मारायचा—"काय वं, तुले चीनमध्ये नोकरी लागली का?" वाचण्यात तिच्यासारखी वर्गात कोणी नव्हती. नजर ओळीवरून अशी जायची, जशी पायाखालची वाट. पण तोंड उघडलं की सर डोळे मिटून घ्यायचे. चिनीत आवाज वर-खाली केला नाही तर सगळंच बिघडतं, आणि हिचा आवाज भीतीनं सपाट व्हायचा. "सर बोल म्हणते ना ताई, तं माही जीभच आत पळते," म्हणायची.

मग आमचं ठरलं. कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर तास सुरू व्हायच्या आधी बसायचं. ती धडा वाचून दाखवायची, तिच्या तोंडून शब्द आला की मला तो ओळखू यायचा, मी तो नीट म्हणून दाखवायचे, मग ती अक्षरावर बोट ठेवायची—"हे बघा ताई, तुम्ही आता म्हटलं ते असं दिसते." दार, कोळसा, आजारी, उशीर. जे शब्द मी वर्षानुवर्षं बोलत होते त्यांची तोंडं मला पहिल्यांदा दिसत होती. कधीकधी रडूच यायचं. ती माझ्या बोलण्याची नक्कल करून मला हसवायची—"काय करतासा, ताई?"

पण मी तिला एक शपथ घातली. सरांना कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला.

"घेतली, बाप्पा," ती म्हणाली. "किती भेता तुम्ही!"

भीत होते. कसली भीती होती? सर रागावतील याची नव्हती. ज्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला त्यांचा चेहरा पडेल, याची होती. असं मी स्वतःला सांगत आले. आता वाटतं, चेहरा त्यांचा नाही, माझाच पडायला नको होता.

वर्षाच्या शेवटी परीक्षा होती. बुटीबोरीकडच्या एका कारखान्यानं सरांकडे माणूस मागितला होता, चिनी यंत्रांचे कागद वाचून समजावणारा. चांगलं वाचेल त्याचं नाव देणार, असं सरांनी आधीच सांगून ठेवलेलं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं ते नाव कुणाचं. प्रणालीनं घरी कळवूनही टाकलं होतं, "होते, माय, माहं काम."

उतारा आला. एका म्हातारीचा, तिच्या दोन मुलांचा. मी पेन्सिल धरली. काही अक्षरं ओळखीची वाटली, मग तीही अनोळखी व्हायला लागली. मी कोपरानं तिला हलकंच ढोसलं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि आपला कागद तिरका करून माझ्याकडे सरकवला. तशीच, मान वाकडी करून ती वाचत राहिली, रेघा मारत राहिली. मी तिच्या रेघांसारख्या रेघा मारल्या. प्रश्नांची उत्तरं मराठीत लिहायची होती. तीही उतरवली, शब्द थोडे फिरवून.

तिरक्या कागदावर वाचताना तिची नजर एक ओळ ओलांडून गेली. ती कधीही ओळ सोडत नसे. त्या दिवशी सोडली—माझ्यासाठी कागद तिरका होता म्हणून. त्याच ओळीत धाकटा मुलगा परत येतो. आमच्या दोघींच्या उत्तरांत म्हातारी एकटीच राहिली.

सरांनी दोघींना बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी. सगळ्या रेघा एकाच जागी. आणि मध्ये ती एक ओळ—दोन्हीकडे कोरी, एकही रेघ नाही. सरांनी तिच्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, संपलं. खरं सांगू? क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

पण सर माझ्याकडे बघतच नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

"प्रणाली, काहून केलं असं? तू तर मेहनती होतीस," ते म्हणाले. "ताईंचं बघून लिहायची काय गरज होती तुले?"

त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं. वर्षभर वर्गातले कागद आम्ही शेजारी-शेजारीच तपासायचो; सरांना ओळख होती ती आमच्या बोलण्याची. एक बाई धाडधाड चिनी बोलते, दुसरीचं तोंड उघडत नाही. कोण कुणाचं बघेल? त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

प्रणालीनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. ती बोलू शकत होती. एखादी ओळ दोघींपुढे ठेवा आणि वाचायला लावा, एवढं म्हणाली असती तरी झालं असतं. पण मी तिला शपथ घातलेली होती, आणि ती सोडवणं माझ्या हातात होतं. ती वाट बघत होती. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

"चुकलं, सर," ती म्हणाली.

बस. एवढंच झालं. आरडाओरडा नाही, काही नाही. सरांनी तिचा कागद बाजूला केला. मला म्हणाले, "ताई, तुमच्याकडून एक ओळ सुटली, पण ठीक आहे, होते असं." जिन्यावर ती माझ्यापुढे चालत होती. मी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात आली नाही.

कारखान्यात माझं नाव गेलं. मुलाखत बोलण्याचीच झाली. सुरुवातीला कागदांचे फोटो काढून फोनकडूनच भाषांतर करून घ्यायचे. मग जेवणाच्या सुट्टीत, पेन्सिलनं रेघा मारत, हळूहळू वाचायला शिकले. येतं आता मला वाचायला. हे सांगून काय उपयोग? त्या दिवशी येत नव्हतं.

मध्यंतरी सीताबर्डीवर ती भेटली. म्हणजे तिनंच मागून हाक मारली—"ओ ताई!" उमरेडला एका शाळेच्या ऑफिसात आहे म्हणाली. अंगानं भरलीय थोडी. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "वाचता येते का आता?" मी मान हलवली. तर ती अशी खूश झाली, की शेजारचा दुकानदार वळून बघायला लागला. "पाहा! मी म्हटलं नव्हतं?" मग म्हणाली, "मी तं विसरली सगळं." सहज म्हणाली. बस लागली होती, ती गेली. तेव्हाही मी बोलले नाही. दुसऱ्यांदा.

सर अजून शिकवतात. नव्या मुलांना माझं उदाहरण देतात, असं कानावर येतं. प्रणालीचं नाव निघालं तर काय सांगत असतील, ते माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

एक दिवस मी त्यांच्यासमोर जाऊन सांगेन, त्या रेघा कुणाच्या आणि नक्कल कुणाची. ती तिथं असताना सांगेन, तिच्यामागे नाही. उमरेडला जाऊन तिला घेऊन येईन, ती आली तर. कधी, ते लिहीत नाही. आजवर स्वतःला दिलेली एकही तारीख मी पाळलेली नाही. पण सांगेन. प्रणाली, तुझं देणं मी फेडेन.