ज्याचं कुलूप, त्याची किल्ली

नियम मोडून बोंबलत बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. नियम पाळून ज्याचा संसार बुडाला असा माणूस एकच पाहिला, आणि त्याने त्या नियमाला एक साधी शिवीसुद्धा दिली नाही. ती कामगिरी त्याच्या वतीने मी केली, अजूनही करतो.

आम्ही त्याला कुलूपदादा म्हणायचो. लिफ्टचा मेकॅनिक. मी त्याच कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर. दादाला आणि त्याच्या हत्यारांच्या पेटीला या इमारतीतून त्या इमारतीत पोचवायचं आणि तो वर खपत असताना खाली पार्किंगवाल्यांशी भांडायचं, एवढंच माझं काम. दोन्ही मी मन लावून केलं. परक्या मुलखात शेजारच्या सीटवर आपली भाषा समजणारा माणूस असला की निम्मी नोकरी सुसह्य होते. तो बोलला नाही तरी चालतं. दादा बोलायचा नाहीच.

कुलूपदादा हे नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, आपल्या नावाची पट्टी अडकवायची आणि किल्ली खिशात टाकायची. काम संपलं की ते कुलूप ज्याचं त्यानेच काढायचं. दुसऱ्या कुणी नाही. मालकाने नाही, मालकाच्या बापाने नाही. नियम सगळ्याच लिफ्टवाल्यांचा, पण बाकीचे लोक साहेब समोर असेपर्यंतच तो पाळतात. दादा ज्या उस्तादाच्या हाताखाली शिकला, तो यातच गेला. कुणाला तरी घाई होती, त्याने उस्तादाचं कुलूप तोडलं आणि स्विच वर केला. उस्ताद अजून खालीच होता. दादा तेव्हा तिथं होता. याच्यावर तो कधी बोलला नाही, फक्त कुलूप घातलं की दोनदा ओढून बघायचा.

एकदा एका हॉटेलातलं काम आटोपून आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचलो आणि फोन आला, कुलूप तिथंच राहिलं. हॉटेलचा मॅनेजर फोनवर थयथयाट करत होता. आमचाच दुसरा मेकॅनिक तिथं हजर होता, त्याच्याकडे करवतही होती. दादा मला म्हणाला, ‘‘गाडी वळव.’’

‘‘दादा, अहो एवढंसं कुलूप ते! कापू दे की त्याला.’’

‘‘कुलूप एवढंसंच असतं,’’ दादा म्हणाला.

माझं जेवण बुडालं, वर मॅनेजरच्या शिव्या दोघांना सारख्या वाटून मिळाल्या. कुलूपदादा हे नाव त्या दिवशी मीच ठेवलं.

घरी वहिनी आणि एक मुलगी. वहिनी म्हणजे दादाचं दुसरं टोक. फोन गाडीच्या स्पीकरवर यायचा आणि बाई सुरू व्हायच्या. ‘‘भावजी, जरा बघा हो, यांनी तोंडालाही कुलूप घातलंय का? किल्ली पाठवून द्या माझ्याकडे!’’ दादा खिडकीबाहेर बघत हसायचा. भांडायला त्यांना कारण लागायचं नाही. दादाने शर्ट कुठला घातला यावरून भांडायच्या, पैसे वेळेवर पाठवले तर एवढी घाई कशाला केली म्हणून भांडायच्या. लग्नाचा बहुतेक काळ या दोघांनी फोनवरच काढला. मुलीचं शिक्षण झालं की दादा कायमचा परतणार होता. पुढच्या वर्षी. हे पुढचं वर्ष दर वर्षी एकेक वर्ष पुढे सरकायचं.

मग साथ आली. विमानं बंद झाली, रस्ते ओस पडले, आणि आम्हाला कळलं की आपण या देशात राहतो म्हणजे नक्की कुठे राहतो. सरकारने फोनमध्ये एक ॲप घालायला लावलं. त्यात हिरवा रंग असेल तर दुकानात शिरा, पिवळा असेल तर बाहेर उभे राहा. बरं, आमचे फोन नंबर कंपनीच्या नावावर, त्यामुळे ॲप उघडायचा आकडा जायचा थेट मॅनेजरच्या फोनवर. मॅनेजर दुपारी झोपायचा. तो जागा होऊन तो आकडा कळवेपर्यंत साबणाच्या वडीसाठी आम्ही दुकानाच्या दारात उन्हात उभे. गावाकडे सगळ्यांना वाटायचं, परदेशात आहेत, मजेत असतील!

दादाच्या खोलीत एक वेल्डर राहायचा. त्याला ताप आला. पांढऱ्या डगल्यातली माणसं आली, वेल्डरला घेऊन गेली, आणि त्यांच्यातल्या एका तपासनिसाने दादाच्या नावावर पिवळी खूण मारली: आजाऱ्याच्या सहवासात होता. ठीक आहे, होता. पुढे वेल्डर बरा झाला, त्याला बरं झाल्याचा दाखला मिळाला आणि तो पहिल्या विमानाने घरी निघून गेला. दादाला ना ताप ना खोकला, पण ज्याला आजारच झाला नाही त्याला बरं झाल्याचा दाखला देणार कोण? तो पिवळाच राहिला. आजारी सुटला आणि शेजारी अडकला.

आणि गंमत अशी की कामाला मात्र पिवळा चालायचा. लिफ्ट म्हणजे अत्यावश्यक सेवा. सरकारी हॉस्पिटलच्या लिफ्ट रोज बिघडत होत्या, कारण खाटा वर-खाली करून त्यांचा जीव निघत होता. दादा त्या खड्ड्यांत उतरायचा, जिथून आजारी माणसं जायची तिथंच श्वास घ्यायचा. हॉस्पिटलात चालतो, विमानात चालत नाही. शहाण्याने यातून अर्थ काढून दाखवावा.

त्याच सुमाराला वहिनींचं पोट दुखायला लागलं. साथीच्या भीतीने त्यांनी दुखणं अंगावर काढलं. दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता. मुलीचा फोन आला तेव्हा आम्ही सिग्नलला उभे होतो, स्पीकर चालू होता.

‘‘बाबा, डॉक्टर म्हणाले, बोलावून घ्या.’’

‘‘कुणाला?’’ दादाने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

‘‘तुम्हाला, बाबा.’’

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, मला गाडी हलवता येईना. त्या दिवसापासून दादाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: बाई जिवंत असताना घरी पोचायचं.

विमानं थोडी सुरू झाली होती. तिकीट मिळेपर्यंत तपासणीचा कागद शिळा व्हायचा, नवी तपासणी होईपर्यंत विमान रद्द व्हायचं. सकाळचा नियम संध्याकाळी नसायचा. तेही सगळं दादाने निभावलं. पण घोडं पेंड खात होतं ते त्या पिवळ्या खुणेपाशी. ती असेपर्यंत देशाबाहेर जायची परवानगी नाही.

मी त्याला आरोग्य खात्याच्या कचेरीवर घेऊन गेलो. एका कामाला एकच माणूस आत, म्हणून मी बाहेर गाडीत. दादा बाहेर आला तो अगदी शांत.

‘‘काय म्हणाले?’’

‘‘ज्या तपासनिसानं खूण मारली तो आला की काढेल. तोच सध्या विलगीकरणात आहे. आला की काढेल.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मी बरं म्हटलं. बरोबर आहे ते.’’

‘‘काय बरोबर आहे? डोंबल! दुसरा कुणी नाही का आत? भरलेली कचेरी आहे!’’

‘‘असं दुसऱ्यानं काढायचं नसतं,’’ दादा म्हणाला. ‘‘त्यानं काही बघून लावली असेल ना. त्याच्या माघारी कुणी हात लावायचा, हे बरं नव्हे.’’

इतकी वर्षं त्या माणसाने कुणाचं कुलूप कुणाला काढू दिलं नाही. खिडकीमागच्या कारकुनाने समोरची ब्याद टाळायला जे वाक्य फेकलं, ते नेमकं त्याच्या देवघरातलं निघालं. दुसरा कुणी असता तर खिडकीवर डोकं आपटून घेतलं असतं, रडला असता, पाय धरले असते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं उगाच म्हणत नाहीत. आमच्या दादाला गाढव नियमाने बोलतंय हेच पटलं! आणि सोमवारी, गुरुवारी, पुन्हा सोमवारी तपासनीस आला का ते नम्रपणे विचारून दादा परत येत राहिला.

वहिनींचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत होता, पण धार तशीच होती. ‘‘अहो, एवढ्या मोठ्या ऑफिसात तो मेला एकटाच आहे का? दुसऱ्या कुणाला तरी विचारा.’’

‘‘तसं नसतं गं,’’ दादा म्हणायचा. ‘‘तो आला की होईल.’’

‘‘तो येईपर्यंत मी थांबायचं म्हणा.’’ आणि मग मला उद्देशून, ‘‘भावजी, यांना जरा ढकला हो मागून.’’

एक दिवस माझं डोकं फिरलं. दादाला हॉस्पिटलच्या खड्ड्यात उतरवलं आणि मी तशीच गाडी कचेरीकडे नेली. इमारतींच्या गेटवर दाखवायला दादाच्या ओळखपत्राची प्रत गाडीत असायचीच. खिडकीवर त्या दिवशी एक बाई होती. मी तोडक्यामोडक्या भाषेत आरडाओरडा करायच्या पूर्ण तयारीने गेलो होतो. पहिलं वाक्य पाठ केलं होतं. बाईने ओळखपत्र काचेखालून ओढून घेतलं, काहीतरी बडवलं आणि म्हणाली, ‘‘काढली.’’

‘‘तपासनीस आले?’’

‘‘कोण तपासनीस?’’

‘‘ज्यांनी खूण मारली ते. त्यांनीच काढायची ना?’’

‘‘त्यांची काय गरज? मुदत कधीच संपलीय. आमच्यापैकी कुणीही काढतं.’’

‘‘मग त्या माणसाला इतके दिवस...’’

‘‘त्यांनी काढा म्हटलं का?’’ बाईने विचारलं. ‘‘नुसतं विचारून जातात लोक.’’ आणि तिने पुढच्याला बोलावलं.

माझा पाठ केलेला आवेश तसाच घशात राहिला. पण त्या घटकेला आनंदच एवढा होता की रागाला जागा नव्हती. गाडी पळवत हॉस्पिटल गाठलं, दादाला वर बोलावलं, एका दमात सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. मग उठून पुन्हा खड्ड्यात गेला, काम पुरं केलं, कुलूप काढलं आणि गाडीत येऊन घरी फोन लावला. एवढा बोलताना मी त्याला कधी ऐकला नव्हता.

‘‘अगं, निघतोय मी! सुटलं सगळं. तो तपासनीस लागलाच नाही. तिथल्या बाईनंच काढली खूण. कुणीही काढू शकत होतं म्हणे, मलाच वाटत होतं की त्यानंच काढायची!’’

मला वाटलं फोन कटला.

‘‘म्हणजे,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘इतके दिवस तुम्ही कुणाला ‘काढा’ म्हटलंच नाही?’’

मी आरशात मागची गाडी बघत बसलो.

‘‘बरं,’’ वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी मुलीकडे फोन दिला.

दादा गेला. उतरल्याबरोबर तिथल्या नियमाने त्याला विलगीकरणाच्या हॉटेलात घातलं. घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि वहिनींना दवाखान्यातून घरीच आणलेलं, देखभालीला एक नर्स ठेवून. तिथं मात्र दादाने सगळं केलं. दारावरच्या माणसावर ओरडला, वरच्याला बोलवा म्हणाला, वरचा आल्यावर त्याच्याही वरच्याला बोलवा म्हणाला, शेवटी पाय धरले. कुणीही बधलं नाही. ते सगळे खरोखरच नियमाची माणसं निघाली. वहिनी गेल्या तेव्हा तो त्या खोलीत होता. बाहेर आला तेव्हा घरात भिंतीवर फोटो लागला होता.

तो परत आला. न येऊन करणार काय, मुलीची फी भरायचीच होती. पुन्हा तीच गाडी, तीच पेटी. मी काही विचारलं नाही. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला ते किती जड गेलं ते मला माहीत. पुढे एकदा एका इमारतीखाली आत सोडायची वाट बघत बसलो असताना, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, ‘‘दादा, शेवटी त्यांना शुद्ध नव्हती ना? मग तुम्ही पोचला असता तरी त्यांना कळलं नसतं. असं मनाला लावून घेऊ नका.’’

‘‘शुद्ध होती,’’ दादा म्हणाला. ‘‘हॉटेलातून मी रोज व्हिडिओ लावत होतो. मुलगी फोन तिच्यासमोर धरायची. ती बघायची माझ्याकडे, नीट बघायची, आणि मान फिरवायची. मुलगी म्हणायची, बाबा, आईला बोलायला त्रास होतोय. आणि मागून मला ऐकू यायचं, ती नर्सला उशी सरळ करायला सांगत होती.’’

गेटवाल्याने हात केला. दादाने पेटी मांडीवर घेतली, पण दार उघडलं नाही.

‘‘आयुष्यभर भांडली रे माझ्याशी,’’ तो म्हणाला. ‘‘शर्टावरून भांडली. याच्यावरून एक शब्द भांडली नाही.’’