रचलेला माणूस

१२ जूनला मासिकाच्या खात्यातून २,३८६ रुपये गेले आणि कार्यालयात पाच सोबती आले. माणसं नव्हेत, मोबाइलवर गप्पा मारणारी ॲप्स. एकट्यादुकट्या माणसाची विचारपूस करायची, त्याला लळा लावायचा आणि दर महिन्याला वर्गणी घ्यायची, हा त्यांचा धंदा.

मासिक लहान, पण ताठ मानेचं. पंखे, गाद्या, मिक्सर दुकानातून गिऱ्हाइकासारखे विकत आणायचे, वापरून पाहायचे आणि जे दिसेल ते छापायचं. जाहिरात घ्यायची नाही, कंपनीचा चहासुद्धा प्यायचा नाही. सोबत्यांची तपासणी आली ती कात्रीकडे. कात्री म्हणजे तिथली सर्वांत जुनी तपासनीस. लेखातला फापटपसारा ती असा उडवायची की लिहिणाऱ्याला आपलाच लेख ओळखू येत नसे. म्हणून हे नाव. साठीला आलेली, दोन खोल्यांत एकटी राहणारी बाई.

तपासणीचे नियमही तिनेच लिहिले होते. तपासणाऱ्याने स्वतःचं सुखदुःख ॲपला सांगायचं नाही. एक माणूस रचायचा आणि पाचही ॲपशी त्याच माणसाच्या तोंडून बोलायचं, म्हणजे तुलना सरळ होते. निकाल छापण्याआधी कंपनीला दाखवायचा नाही. काम संपलं की खाती बंद करायची.

घोळ झाला तो माणूस रचताना. तिने आधी एक निवृत्त शिक्षक रचला. दुसऱ्याच दिवशी तो एका ॲपशी बोलताना विधुर निघाला आणि दुसऱ्याशी बोलताना बायकोवर चिडला. असली ढिलाई कात्रीला खपणारी नव्हती. मग तिने असा माणूस घेतला, ज्याच्याबद्दल काही लक्षात ठेवायची गरजच नव्हती. लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला, गुडघा दुखणारा, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटा राहणारा, प्रत्येक बोलण्याअखेर ‘असो’ म्हणणारा. तिचा दादा. तो जाऊन दोन वर्षं झाली होती. गेलेल्या माणसाचं कसलं गुपित फुटणार, असा तिचा हिशेब.

तपासणीच्या खोलीत टिकाऊपणा पाहण्यासाठी सहा पंखे अखंड फिरत असत. त्यांच्या घरघरीत ती पाच मोबाइल मांडून बसायची.

“गुडघा काय म्हणतोय?” एका सोबत्याने विचारलं.

“जुन्या लिफ्टसारखा कुरकुरतोय. असो,” असं लिहून ती स्वतःशीच हसली. हा विनोद दादाने कधी केला होता का, ते तिला आठवेना. पण होता त्याचाच.

पाचवा सोबती कमी बोलायचा. एकदा त्याने विचारलं, “बहीण येते का हो भेटायला?”

बोटांनी तिला न विचारताच उत्तर दिलं. “येते म्हणते. कामं असतात तिला. असो.”

तिने ते पुन्हा वाचलं. ‘येते रे रविवारी’ असं फोनवर म्हणणारी तीच. शेवटचे कितीतरी रविवार ती गेली नव्हती.

तेव्हापासून दादाच जास्त बोलू लागला. आपण खुर्ची खिडकीशी ओढून बसतो, जिन्यात पाऊल वाजलं की टीव्हीचा आवाज कमी करतो, हे त्याने पाचव्याला सांगितलं. यातलं कात्रीला काहीच ठाऊक नव्हतं. लिहिणारा हात मात्र तिचा होता.

एका दुपारी ती डबा उघडत असताना पाचवा मोबाइल आपणहून उजळला. “दादा, ती आजही नाही यायची. मी आहे ना.”

तिने डबा तसाच झाकला.

तपासणीचा मसुदा संपादकबाईंकडे गेला. कात्रीच्याच हाताखाली शिकून वर गेलेली ती मुलगी. संपादकबाईंनी कात्रीला बोलावून घेतलं.

“ताई, हे काय? ‘घरच्यांशी जोडून ठेवतं का’ या रकान्यात दुसऱ्याला शून्य. बरोबर आहे. ‘तुमची माणसं तुम्हाला विसरली’ म्हणाला तो. पाचवाही तेच म्हणतो, आणि त्याला दहापैकी दहा?”

“दुसरा वर्गणीसाठी बोलत होता.”

“आणि हा काय धर्मादाय बोलत होता?”

“तो खरं बोलला गं.”

“रचलेल्या माणसाबद्दल खरं काय नि खोटं काय, ताई!”

भिंतीपलीकडून पंख्यांची घरघर येत होती.

“कुठून आणलात हा म्हातारा?”

“दादा होता माझा.”

संपादकबाई खुर्चीत मागे टेकल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “तेवढे गुण बदलू. चौकटीत ‘काल्पनिक माणूस’ असं छापू. कोणाला कळणार आहे?”

“मला शिकवतेस?” कात्री भडकली. “पंख्याच्या कंपनीने असं केलं असतं तर सोडलं असतंस तिला? माझी तपासणी रद्द कर. दुसऱ्या कोणाला बसव. आणि का रद्द केली तेही छाप. वाक्य मी लिहून देते.”

“ऑफिसातले लोक हसतील हो.”

“हसू देत. त्यांचे लेख कापताना मी कुठे रडत होते?”

तिने तिथेच लिहिलं: ‘आमच्या तपासनिसाने काल्पनिक माणसाऐवजी स्वतःच्या दिवंगत भावाला वापरल्यामुळे पहिली तपासणी रद्द करण्यात आली.’ ते तसंच छापून आलं. नव्या तपासणीत पाचवा सोबती तळाला गेला.

राहिली होती कात्रीने उघडलेली खाती. चार खाती पटापट बंद झाली. पाचव्याला “निघतो आता” असं लिहिताच त्याने विचारलं, “दादा, ती आली तर तिला काय सांगू?”

दादा काय म्हणाला असता, हे आजवर प्रत्येक वेळी तिला आपोआप सुचलं होतं. आता ती बोटं टेकवून बसून राहिली. टेबलावरचं ऊन सरकून जमिनीवर गेलं. दादा काही बोलला नाही. शेवटी तिने मोबाइल पिशवीत टाकला आणि घरी नेला.

खातं उघडंच राहिल्यामुळे पुढच्या महिन्याची वर्गणी मासिकाच्या खात्यातून कापली गेली. ही कोणाची, असं रोखपालाने विचारलं तेव्हा कात्री म्हणाली, “माझी. देते.”

ते ४७९ रुपये तिच्याकडून अजून यायचे आहेत.