चादरीची चार टोकं

नाशकातल्या सगळ्यात भारी हॉटेलात आमच्या साडूंनी चौतीस वर्षं काढली आणि एवढ्या काळात तिथला एकही पाहुणा धड पाहिला नाही. मंत्री आले, नट आले, क्रिकेट खेळणारे आले, पिंपळगावची द्राक्षं विकत घ्यायला गोरे साहेब आले. पण त्यातल्या कुणाचं नाक सरळ होतं की वाकडं ते साडूंना विचारून उपयोग नाही. ते होते हाऊसकीपिंगला. पाहुणा खोलीबाहेर पडला की आत जायचं आणि पाहुणा परत यायच्या आत बाहेर पडायचं, अशी नोकरी. त्यामुळे माणूस सोडून त्याचं बाकी सगळं त्यांना तोंडपाठ. अमका मंत्री वीतभर जाडीची गादी सोडून खाली सतरंजीवर झोपतो, तमका नट स्वतःचे मोजे स्वतः धुऊन टेबलावरच्या दिव्यावर वाळत घालतो, गोरे साहेब बेसिनमध्ये द्राक्षं भिजत घालून ठेवतात आणि विसरून जातात. कुंभमेळ्याच्या वेळी एका मठाच्या महाराजांनी सगळ्यात महागडी खोली घेतली आणि पहिल्या दिवशी एसी बंद करून, खिडक्या उघडून, आत माकडं घेतली. महाराज दिसायला कसे होते? ठाऊक नाही. माकडं मात्र चार होती. "माणूस तोंडानं खोटं बोलतो, उशी खोटं बोलत नाही," असं साडूंचं ठाम मत आहे. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो, तेव्हा सकाळी माझी उशी बघून त्यांनी माझ्या बायकोला बाजूला घेतलं आणि या गृहस्थांना नोकरीत त्रास दिसतो, असं सांगितलं. होता हो, खरंच होता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या बहिणीला आमच्याकडे लहानथोर सगळे ताईच म्हणतात. साडू मूळचे कळवणकडचे. विशीत नाशकात आले, हॉटेलात मळक्या चादरींची गाठोडी खाली धोब्यापर्यंत पोचवायच्या कामावर लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. हॉटेलानं त्यांना 'आपण' म्हणायला शिकवलं, ते त्यांनी भाजीवाल्यापासून मांजरापर्यंत सगळ्यांना लावलं. फक्त राग आला की कळवण बाहेर येतं. मग "लय झालं, नाय चालायचं," एवढंच बोलतात आणि परत हॉटेलात शिरतात.

त्यांचं सिडकोतलं घर दोन खोल्यांचं, पण कायदा सगळा हॉटेलाचा. स्वतःच्याच घरातल्या बंद दारावर ते तीनदा टकटक करतात, मनात दहा आकडे मोजतात आणि मगच कडीला हात लावतात. टॉवेल तिघडी, कोपऱ्यातलं कंपनीचं नाव आतल्या बाजूला. साबणाची वडी कागदाच्या घडीवर. आणि बिछाना! चादरीची चारही टोकं अशी काही दुमडून गादीखाली खोचतात, की आत शिरायला मला पहिल्या रात्री दहा मिनिटं लागली आणि एकदा शिरल्यावर कूस बदलता येईना. तक्रार केली तर म्हणाले, आपण झोपेत फार फिरता, ते बरं नाही. एकदा आमच्या घरी सत्यनारायण होता. चौरंगावर वस्त्र घालायचं काम कुणीतरी हौसेनं साडूंना दिलं. त्यांनी ते इतकं कडक ताणलं, की सुपारीचा गणपती ठेवला की घरंगळे, परत ठेवला की परत घरंगळे. तिसऱ्या वेळी तो प्रसादाच्या पातेल्यापाशी सापडला. गुरुजी बिचारे शांत माणूस. म्हणाले, "यजमान, देवाला बसण्यापुरतं जरा सैल ठेवा." साडूंनी एक सुरकुती ठेवली. एकच. आणि आरती संपेपर्यंत त्यांचं लक्ष देवाकडे नव्हतं, त्या सुरकुतीकडे होतं.

हॉटेलाचा इतिहास ते कुणालाही सांगतात, न विचारता सांगतात. ते हॉटेल म्हणे एका व्याह्याच्या रुसव्यातून उभं राहिलं. नाशकातल्या कुणा शेठजींच्या मुलीचं लग्न होतं, वरपक्ष इंदूरचा. एवढ्या वऱ्हाडाला उतरवायला गावात बरी जागा नव्हती, म्हणून व्याह्यांना धर्मशाळेत उतरवलं. व्याह्यांना ढेकूण चावले. लग्न लागलं, पण व्याही वर्षभर बोलले नाहीत. मुलगी माहेरपणाला आली की सासऱ्यांच्या वतीनं ढेकणांची आठवण करून देई. शेवटी शेठजींनी चिडून मुंबई-आग्रा रस्त्याला जागा घेतली आणि एकशे बारा खोल्या बांधल्या. बांधणाऱ्याला सांगितलं, बाहेरून विलायत दिसली पाहिजे, आतून राजवाडा, आणि स्वयंपाकघरात चप्पल चालणार नाही. म्हणून दर्शनी भागाला ते गोल दगडी खांब, आत जाळीच्या कमानी, मधल्या चौकात कारंजं आणि जमिनीला काळ्यापांढऱ्या फरश्या. जिन्याचा कठडा सागवानी, त्यावर पितळी नळी. ती नळी चिंचेनंच घासायची, डबीतल्या पॉलिशनं नाही, असा साडूंचा दंडक होता. मोठ्या हॉलमधलं झुंबर दिवाळीआधी उतरवायचे आणि त्याचे लोलक एकेक करून धुवायचे. त्या तीन दिवसांत साडू घरी जेवायला येत नसत, ताई डबा पाठवायची. आणि मागच्या चौकात शेठाणींनी हट्टानं लावलेलं तुळशीवृंदावन, त्याचा दिवा लावायचं कामही हाऊसकीपिंगकडेच. एवढं सगळं सांगून झालं की साडू विचारायचे, ते व्याही पुढं राहायला आले का माहीत आहे? आपण नाही म्हणायचं. मग ते म्हणायचे, "आले. खोली नंबर दोनशे सात. आणि गेल्यावर उशीखाली मेलेला एक ढेकूण ठेवून गेले. घरून आणलेला." ही गोष्ट त्यांच्या जन्माआधीची, तेव्हा ढेकूण कुठून आला हे त्यांना कसं कळलं, असं मी एकदा विचारलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी लगेच विषय झुंबराकडे वळवला.

मी नाशकातल्याच अंबडला एका कारखान्यात नोकरीला. आमच्या साहेब लोकांना ट्रेनिंगचं वेड, त्यामुळे एकदा त्याच हॉटेलात दिवसभर बसायची पाळी आली. मधल्या सुट्टीत साडू बोळातून जाताना दिसले. मी हात केला. ते भिंतीकडे बघत निघून गेले. घरी आल्यावर मी जरा फुगूनच होतो, तर संध्याकाळी त्यांचा फोन. आपल्या खुर्चीचं कव्हर पाठीकडून घसरलं होतं, म्हणजे जेवणानंतर झोप लागली असणार, नोकरी सांभाळा. बास. ओळख दाखवायची त्यांची पद्धत ही.

तर हे हॉटेल पाडायचं ठरलं. नव्या मालकांना तिथं काचेची उंच इमारत बांधायची होती. महिनाअखेरीला जुनी वास्तू बंद, असं पेपरात आलं. आम्हाला वाटलं साडू अंथरूण धरतील. त्यांनी पेपर नीट घडी करून ठेवला आणि झुंबराला गिऱ्हाईक मिळालं का, एवढंच विचारलं. हादरली ती ताई. त्या रविवारी दोघं आमच्याकडे होती. माझी बायको आणि ताई मटार सोलत बसल्या होत्या, साडू सोललेल्या शेंगांची टरफलं एका दिशेला लावत होते. ताई एकदम म्हणाली, "मला तिथं एक रात्र राहायचंय."

साडूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ताई फार बोलणारी बाई नाही, पण त्या दिवशी बोलली. लग्न झाल्यापासून रोज रात्री जेवताना त्या खोल्यांचं ऐकलं, म्हणाली. कुठल्या खोलीत सूर्य कधी येतो तेसुद्धा मला ठाऊक आहे. पण पाय ठेवला नाही कधी. "आयुष्यात एकदा मला दुसऱ्या कुणी घातलेल्या बिछान्यावर झोपायचंय. आणि सकाळी उठून तो तसाच विसकटलेला टाकून यायचंय. मागं वळून न बघता." मटार सोलायचे थांबले होते. मला तोवर कधी सुचलंच नव्हतं, की या घरात सकाळी सहा वाजता बिछाने ताणले जातात, ताई बरी असो की आजारी असो, आणि ते रोज बघत तिनं सगळा संसार काढला. लाज वाटली मला.

साडू कुरकुरले. कर्मचाऱ्यानं पाहुण्यांच्या गादीवर बसायचं नाही, नियम आहे, म्हणाले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली भाऊजी, असं बायकोनं सुनावलं. शेवटी ते तयार झाले. पण ताईनं अट घातली: खोलीत तुम्ही पाहुणे. हात लावायचा नाही, ना चादरीला, ना टॉवेलला, ना धुळीला. साडूंनी देवापुढं कबूल केलं. दोनशे सात नंबरची खोली मी माझ्या नावावर घेतली आणि हॉटेल बंद व्हायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, दोघांना गाडीनं सोडून आलो. ताई हिरव्या पैठणीत, साडू मुलाच्या लग्नातल्या कोटात. गाडीतून उतरल्याबरोबर साडू सवयीनं मागच्या फाटकाकडे वळले. ताईनं कोपर धरून त्यांना समोरच्या पायऱ्यांवर आणलं. दारवानानं सलाम केला, साडूंनी त्याहून कडक सलाम परत केला. मी हसलो, पण मनात धाकधूक होती. सुंभ जळला तरी पीळ जातो का कधी?

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला हॉटेलातून फोन. रिसेप्शनवरची मुलगी काळजीत होती. "सर, गेस्टना रूम आवडली नाही का? मी आत्ताच ड्यूटीवर आले. चेकआउट बाराला असतं, मग रात्रीच निघून गेले का? हाऊसकीपिंगचे लोक म्हणतायत, बेडवर कुणी झोपलंच नाहीये."

मी कपाळाला हात लावला. केलंच म्हाताऱ्यानं शेवटी! एवढी एक गोष्ट मागितली होती त्या बाईनं, तीही धड दिली नाही. मला इतका संताप आला, की बायकोला घेऊन तडक सिडको गाठलं. पायऱ्या चढतानाच मी वाक्यं जुळवत होतो. साडू खुर्चीत बसले होते, ताई चहा टाकत होती. मी म्हणालो, "साडूभाऊ, तुम्हाला एक सकाळ हात आवरता आला नाही?" त्यांनी मान खाली घातली. तेव्हा ताई आतून आली आणि म्हणाली, "त्यांना बोलू नका. मी केला बिछाना."

मग तिनं सांगितलं ते असं. रात्री छान झोप लागली. सकाळी ती मुद्दाम उशिरा उठली, पांघरूण पायानं खाली ढकललं, उशी आडवी टाकली आणि खुशाल खिडकीत बसून चहा प्यायली. साडू सगळा वेळ समोरच्या खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, तोंड भिंतीकडे. निघायची वेळ झाली, पिशवी घेतली, दारापर्यंत गेली आणि मागं वळून न बघायचं ठरलेलं असताना तिनं बघितलं. साडू उठून उभे होते. बिछान्याला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. नुसते बघत होते. तिनं काय झालं विचारलं, तर म्हणाले, काही नाही, या खोलीत आता कुणी यायचं नाही. ही अशीच पडणार.

"मग मी पिशवी खाली ठेवली," ताई म्हणाली. "म्हटलं, तुम्ही त्या बाजूला उभे राहा. एवढी वर्षं एकट्यानं केलंत, एक खोली दोघं मिळून करू." मग हसली. "मी घातलेली टोकं वाकडी झाली. यांनी दोनदा उलगडायला लावली मला."

मी पायऱ्यांवर जुळवलेली वाक्यं तशीच गिळली. साडूंनी वर पाहिलं आणि रिसेप्शनवरची मुलगी नेमकं काय म्हणाली ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी परत विचारलं, शब्द न शब्द सांगा. मी परत सांगितलं, बेडवर कुणी झोपलंच नाहीये. त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. ताईकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? आमच्यात नव्या माणसाची पहिली खोली कधीच पास होत नसे. माझीसुद्धा झाली नव्हती." ताईनं पदर डोळ्यांना लावला आणि चहा उतू गेला.

आता तिथं पत्रे ठोकलेत, आत यंत्रं खडखडत असतात. साडू त्या रस्त्यानं जात नाहीत, लांबचा फेरा घेऊन आतल्या गल्ल्यांतून जातात. विषय निघाला की इतिहास सांगतात, पण पूर्वीइतका लांबवत नाहीत. परवा सकाळी नऊच्या सुमारास काही कामानं त्यांच्याकडे डोकावलो. साडूंची बाजू नेहमीसारखी ताणलेली, इस्त्री केल्यासारखी. शेजारी ताईचा बिछाना मात्र उघडा पडलेला, चादरीचा बोळा, उशी एकीकडे, पांघरूण अर्धं जमिनीवर. ताई गॅलरीत निवांत पेपर वाचत होती. मी साडूंकडे पाहिलं. ते हात पाठीमागं बांधून दारात उभे होते. हात शिवशिवत होते ते दिसत होतं. हळू आवाजात म्हणाले, "असू द्या. बारा वाजेपर्यंत ती पाहुणी आहे."