वकीलकाका घर विकतात

वकीलकाकांच्या तोंडून पैशाचा आकडा बाहेर पडलेला आमच्या हैदराबादच्या गल्लीत कुणी ऐकला नव्हता. सारा जन्म दिवाणी कोर्टात वकिली केली, पण फी सांगायचे ते त्यांचे मुन्शी. मुन्शी रजेवर असले की त्या दिवशीचा अशील फुकटात सल्ला घेऊन, वर चहा पिऊन जायचा. भाजीवालीपुढे काका हातातल्या नोटा धरत आणि म्हणत, "जो मुनासिब है ले लो अम्मा." गंमत अशी की ती बाई संकोचून नेहमीपेक्षा कमीच घ्यायची. मी त्याच बाईशी भेंडीच्या भावावरून घसा कोरडा होईपर्यंत भांडायची, आणि किडकी भेंडी माझ्याच पिशवीत यायची.

अशा माणसानं घर विकायला काढलं आणि ते विकून देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी काकांच्या समोरच्या घरात वाढले. माझे वडील आणि काका शाळेपासूनचे दोस्त. वडील गेले, आम्ही ते घर सोडलं, लग्नानंतर मी कोंडापूरच्या एका टोलेजंग इमारतीत जाऊन पडले. पण जुन्या शहराकडे, कोठी भागात काही काम निघालं की पाय सुलतान बाजारकडे वळायचेच. साड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत काकांचं घर. खालच्या दुकानात भाडेकरू, वर काका-काकू, आणि मधे जिना. जिना कसला, दगडी शिडीच ती.

त्या जिन्यापायीच घर विकायचं होतं. काकूंचे गुडघे गेले होते. दोन वर्षं झाली, दवाखान्यात न्यायचं असलं तरच त्यांना दोघांनी धरून खाली उतरवायचं, एरवी त्या वरच. त्यांचं सगळं सुख एका गोष्टीत होतं, ती म्हणजे बरकतपुऱ्यातलं बायकांचं भजनी मंडळ. दर शनिवारी रिक्षानं जायच्या, गाऊन यायच्या, आणि मग आठवडाभर स्वयंपाकघरात तेच गुणगुणायच्या. जिना बंद झाला तसं गाणंही बंद झालं. "भिंतीपुढं काय गायचं ग?" असं म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. मंडळ भरतं त्या देवळाशेजारीच एका इमारतीत, लिफ्ट असलेला, दोन खोल्यांचा फ्लॅट विकायला निघाला. काकूंनी तो बघितला नव्हता, फक्त माझ्या फोनवर फोटो पाहिले होते. फोटोत त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं नाही, लिफ्टचं दार पाहिलं. फ्लॅटचे मालक भले होते. म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांबतो, पुढे मात्र मला थांबता यायचं नाही.

काका असे का, तर त्यांच्या घरची रीतच तशी. वडील जुन्या हैदराबाद संस्थानात मोठ्या हुद्द्यावर, घरात मराठी आणि बैठकीत उर्दू. काका म्हणायचे, "घरात आलेल्या माणसाशी पैशाचं बोललं की तो पाहुणा राहत नाही, गिऱ्हाईक होतो. मग त्याच्यापुढे चहा कुठल्या तोंडानं ठेवायचा?" ह्यावर मी चिडले की काकू त्यांची बाजू घ्यायच्या. "हे मला बघायला आले ना, तेव्हा माझ्या वडिलांनी हात जोडून विचारलं, आपली काही मागणी? त्या काळात लोक यादी घेऊन यायचे. हे म्हणाले, चहा फार छान झाला होता. बास. वडील परत आत येऊन रडले. आता त्याच स्वभावाला मी कोणत्या तोंडानं नावं ठेवू?"

तशात बाजारात मंदी. ज्याला त्याला नव्या शहरातला टॉवर हवा, खाली दोन गाड्या उभ्या करायची जागा हवी. आमच्या गल्लीत रिक्षा शिरली तरी समोरून येणाऱ्या गाईला मागे सरकावं लागतं. मी नेटवर जाहिरात टाकली, फोन नंबर माझा दिला, किंमतही लिहिली. काकांनी ती पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. "चपलांच्या दुकानात चिठ्ठी लावतात तशी माझ्या घराला लावलीस होय ग?" ती किंमत काढून टाकेपर्यंत ते माझ्याशी नीट बोलले नाहीत.

पहिलं आलं ते एक तरुण तेलुगू जोडपं. बँकेत नोकरीला. मी मुद्दाम रजा काढून हजर. मुलानं खिडक्या पाहिल्या, नळ सोडून पाहिला, आणि विचारलं, "सर, रेट कितना बोल रे आप?"

काका म्हणाले, "बताते ना जी, जल्दी क्या है? पहले ये चखो, घर के हैं." पुढे शंकरपाळे आले. "वालिद साहब क्या करते आपके?" वडील नलगोंड्याला मास्तर होते. झालं! नलगोंड्याच्या कोर्टातल्या सगळ्या आठवणी निघाल्या. मुलगा मधून मधून "सर, वो रेट..." म्हणायचा आणि काका त्याच्या बशीत आणखी शंकरपाळे घालायचे. जोडपं गेलं ते लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन. दुसऱ्या दिवशी मुलाचा मला फोन. "मॅडम, अंकल-आंटी बहुत अच्छे लोग हैं. पर सच्ची बोलो, घर बेचना है क्या उनको?"

पुढच्या वेळी मी शहाणपणा केला. येणाऱ्याला फोनवरच किंमत सांगून टाकली. तो आला आणि काकांना म्हणाला, "मॅडम ने जो बोला, उसमें कुछ कम करो साब." काका लाजेनं लाल झाले. "मॅडम ने आपसे पैसे की बात की? माफ करना जी, बच्ची है." बच्ची! माझी मुलगी कॉलेजात आहे. त्या माणसानं घरापेक्षा माझ्याकडेच संशयानं जास्त वेळ पाहिलं आणि निघून गेला.

मग मला एक तोड सुचली. घरी आलेला पाहुणा होतो ना? मग घरी भेटायचंच नाही. कोठीतल्या इराणी हॉटेलात भेटायचं, तिथे कोण कुणाच्या घरी? काकांना हा मुद्दा वकील म्हणून पटला. गिऱ्हाईक होता एक डॉक्टर, घाईतला माणूस, बसल्या बसल्या म्हणाला, "बोलिए वकीलसाब." काकांनी घसा खाकरला. ओठ हलले. मी टेबलाखाली हात जोडून देवाचं नाव घेत होते. तेवढ्यात वेटर बिल घेऊन आला, डॉक्टरनं हात पुढे केला आणि काकांनी वाघासारखी झडप घालून बिल ओढून घेतलं. त्यानंतर ते हवापाण्याखेरीज कशावर बोललेच नाहीत.

परतताना मी तणतणत होते. काका शांतपणे म्हणाले, "बिल मी दिलं ग. म्हणजे तो माझा पाहुणा झाला."

"मग त्याला देऊ द्यायचं होतं बिल!"

"मग मी त्याचा पाहुणा. यजमानाकडे पैसे मागू?"

ह्यावर उत्तर असेल तर वाचकांनी मला कळवावं.

यादगिरी नावाचा एक दलालही लावून पाहिला. तो काकांना खोदून खोदून विचारायचा, कमीत कमी कितीपर्यंत यायचं? काका म्हणायचे, "तुम जानते ना यादगिरी, तुम तजुर्बेकार आदमी." एकदा तो गिऱ्हाइकाशी घासाघीस करत असताना काकांनी मधे पडून गिऱ्हाइकाची माफी मागितली. यादगिरीनं काम सोडलं, चहाला येणं मात्र सोडलं नाही. मला म्हणाला, "मार्केट ठंडा है मॅडम, लेकिन वकीलसाब मार्केट से भी ठंडे हैं."

आणि अशात हाजीसाहेब आले. अफझलगंजात सुक्या मेव्याची पिढीजात पेढी, पांढरी दाढी, बोलणं असं की कानात अत्तराचा फाया ठेवावा. त्यांना घर मनापासून आवडलं. मोटार त्यांच्याकडे नव्हतीच, स्कूटर होती. खालचा भाडेकरू राहिला तरी त्यांची हरकत नव्हती. धाकट्या मुलाचं लग्न ठरलेलं, त्याला पेढीजवळ जागा हवी होती. मला वाटलं, सुटलो. पण हाजीसाहेबही त्याच शाळेतले! घरमालकाला किंमत विचारणं त्यांच्या लेखी बेअदबी होती. ते चहाची तारीफ करून गेले. पुढच्या आठवड्यात बदाम घेऊन आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात अंजीर. दोघं तासभर एकमेकांच्या वडिलांची आठवण काढायचे, "अच्छा, इजाजत" म्हणायचे, आणि घर जिथल्या तिथे. इकडे नवरात्र बसलं होतं.

नवरात्रातल्या शनिवारी मंडळाचा मोठा कार्यक्रम असतो. काका कोर्टाकडे गेले होते. काकूंनी काय मनात आणलं कोण जाणे, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि एकट्याच जिना उतरायला लागल्या. अर्ध्यावर गुडघा अडकला. ना वर, ना खाली. खालच्या दुकानातल्या माणसांनी आवाज ऐकला, खुर्ची आणली आणि त्यांना खुर्चीसकट वर नेऊ लागले. नेमके तेव्हाच काका परत आले. हातात पिशवी घेऊन जिन्याच्या तळाशी उभे राहिले. वर जायला वाट नव्हती आणि करण्यासारखंही काही नव्हतं. मी संध्याकाळी पोचले तेव्हा काकू हसत होत्या. "पालखीतून आले म्हणलं तुझ्या काकांना! राणीसारखी." काका हसले नाहीत. मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "उद्या सकाळी ये. हाजीसाहेबांच्या दुकानात जायचंय."

"दुकानात कशाला?"

"दुकानात भाव बोलतात," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोर्टाचा काळा कोट घातला होता. रिक्षात मी त्यांच्याकडून आकडा घोकून घेतला. ते तो रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानात म्हणत. पेढीवर हाजीसाहेब गडबडीनं उठले, "आइए आइए, तशरीफ रखिए," नोकराला चहा सांगू लागले. काकांनी हात वर केला. "नहीं हाजीसाहब. आज चाय नहीं. आज मैं गाहक की तरह खडा हूँ." आणि पिस्त्यांच्या पोत्यापाशी उभं राहून, डोळे मिटून, त्यांनी घराचा आकडा सांगितला.

चुकीचा सांगितला! मी पढवलेल्यापेक्षा बराच कमी. ऐन वेळी संकोच आड आला. मी त्यांच्या कोटाची बाही ओढली, पण बाण सुटला होता.

हाजीसाहेबांनी हातातला तराजू खाली ठेवला. "वकीलसाब, आप घर बेच रहे या खैरात कर रहे? इतने में तो मैं नक्को लेऊं. लोगां क्या बोलेंगे, हाजी ने शरीफ आदमी को लूट लिया?" आणि त्यांनी आकडा वाढवला.

"ये तो जास्ती हो जाता," काका म्हणाले आणि थोडा उतरवला.

"हरगिज नहीं," म्हणत हाजीसाहेबांनी पुन्हा चढवला. दुकानातली गिऱ्हाइकं काजू चघळायची थांबून बघत होती. विकणारा खाली ओढतोय आणि घेणारा वर. मी आयुष्यात पुष्कळ घासाघीस केली आहे, पण अशी उलटी घासाघीस करायची माझी काय बिशाद! मी काकांच्या पायावर पाय देऊन उभी राहिले, तेव्हा कुठे ते थांबले. सौदा ठरला तो जवळपास माझ्याच आकड्यावर. हाजीसाहेबांनी तिथेच बयाणा दिला. मग काका बसले आणि म्हणाले, "अब चाय मंगवाइए."

दसऱ्याच्या आत फ्लॅटचं पक्कं झालं. दिवाळीनंतर ते राहायला गेले. तिथेही काकांचं लिफ्टशी जमलं नाही. दार उघडलं की शेजाऱ्यांना "पहले आप, पहले आप" करत राहायचे, लिफ्ट भरायची आणि ह्यांना न घेता निघून जायची. मग ते मजेत जिन्यानं उतरायचे.

काकू मंडळात परत गेल्या त्या पहिल्या शनिवारी मीही गेले होते. काका काही आत आले नाहीत, बायकांचं मंडळ म्हणून देवळाबाहेरच्या बाकावर बसले. मी त्यांच्याशेजारी. आतून टाळ वाजले आणि मग काकूंचा आवाज आला, सुरुवातीला चाचरत, नंतर मोकळा. काका ऐकत होते. मग म्हणाले, "दोन वर्षं ग. मी लोकांशी अदबीनं वागत होतो आणि त्याची किंमत ही भरत होती. मला दिसलंच नाही." मला त्यांची समजूत घालायची होती. पण खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी नुसता त्यांचा हात धरला.

असे शनिवार काकांना फार मिळाले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, दुपारच्या झोपेतच, कुणाला तसदी न देता. हाजीसाहेब आले आणि दाराशी उभे राहून लहान मुलासारखे रडले. मलाही अजून कुणी पैशाचं बोलताना अडखळलं की काकांची आठवण येते आणि माझा आवाज आपोआप खाली येतो. भेंडी अजून किडकीच मिळते, तो भाग वेगळा.

काकांचे दिवस झाल्यावरच्या शनिवारी मी काकूंकडे गेले होते. मंडळातल्या बायकांनी निरोप पाठवला होता की एवढ्यात येऊ नका, आम्ही समजू शकतो. काकू चपला घालत होत्या. मी म्हणाले, "काकू, आज राहू द्या ना. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे," काकू म्हणाल्या. "त्या माणसानं भरल्या बाजारात तोंड उघडलं, ते मी घरात बसून राहावं म्हणून नाही." आणि त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.